बदलापूरच्या पुढचं 'उपनगर': आधी हद्द विचारा

"बदलापूरच्या पुढे, पण मुंबई उपनगरातच." घर बदलापूरच्या पुढे घ्यावं की पनवेलला, ह्या तुमच्या प्रश्नात एजंटने ऐकवलेलं हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वी मीही ह्यालाच भुललो होतो. कर्ज, रेरा वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

घोळ 'उपनगर' ह्या शब्दात आहे. सरकार दरबारी उपनगर म्हणजे वांद्रे ते दहिसर, इकडे मुलुंड-मानखुर्द. १९९० साली त्याचा वेगळा जिल्हा झाला, पण महापालिका मुंबईचीच राहिली. रेल्वेचं 'उपनगरी' मात्र थेट कर्जत-कसाऱ्यापर्यंत पोचतं. लोकलचा पास निघतो म्हणजे घर उपनगरात, असं मी धरून चाललो. सीएसएमटीहून कर्जत १०० किलोमीटर आहे हो!

नवी मुंबईचं प्रकरण निराळं. मुंबईवरचा भार हलवायलाच १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढे घाऊक बाजार वाशीला गेला. तिथे राहणाऱ्याला कामासाठी रोज खाडी ओलांडून मुंबईला यावंच लागतं असं नाही. तुमचा दुसरा पर्याय पनवेल, तर तिथेही सिडकोचा नोड (म्हणजे तिने आखलेली वसाहत) की पलीकडचं गाव, हे विचाराच.

बदलापूरच्या पुढच्या पट्ट्याला धड नावही नाही. नोकरी मुंबईची, पाणी टँकरचं.

आता माझी चूक. इमारत ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती. करारनाम्यात गावाचं नाव स्वच्छ लिहिलेलं, मी फक्त रकमेचं पान वाचलं. बिल्डरने 'नळपाणी योजना मंजूर' असं पत्र दाखवलं होतं. मंजूर म्हणजे नळाला पाणी नव्हे, हे कळायला दोन उन्हाळे गेले. नळाच्या पाण्यासाठी ज्या कार्यालयात खेटे घातले त्याचं नाव घेत नाही. पहिल्यांदा म्हणाले, ही हद्द आमची नाही. मग हद्द त्यांचीच निघाली, पण भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा) हवा. तो बिल्डरकडून कसाबसा मिळवून नेला, तर मूळ अर्जच सापडेना. दर खेपेला माझी एक रजा आणि साहेब 'साइटवर'! (अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवकचा शिक्का मारून घ्या. मी नाही घेतला.)

मी ना वकील ना एजंट, आणि नळाला भरपूर पाणी असलेल्या सोसायट्या त्या पट्ट्यातही असतील. पण नोकरी दादरला असेल तर मी डोंबिवली-कल्याणात खोली लहान घेईन, पुढे जाणार नाही. ती जुनी गावं आहेत, बाजार-दवाखाना हाताशी असतो.

तरी घ्यायचंच असेल तर जागा मे महिन्यात बघा, आणि बिल्डरला नव्हे, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला टँकरचा भाव विचारा. शिवाय एकदा संध्याकाळी सात वाजता दादरला कर्जत लोकल पकडून बघा. ती चुकली की पुढच्या कर्जत लोकलची वाट बघत बसावं लागतं.