लंडनच्या बागांमध्ये वेगळे 'पार्क पोलीस' असतात म्हणे. ते खरे पोलीस की सुरक्षारक्षक? त्यांनी अडवलं तर ऐकावं लागतं का?

काही भागांत असतात, आणि ते साधे सुरक्षारक्षक नव्हेत. फक्त त्यांचे खास अधिकार बागेपुरते असतात. मी दक्षिण लंडनमध्ये राहतो, म्हणून इथल्या वाँड्सवर्थ बरोबद्दल (बरो म्हणजे लंडनचा एक प्रशासकीय विभाग) सांगतो. तुम्ही विचारलेला प्रश्न तिथे थेट कोर्टापर्यंत गेला होता.

1967 च्या एका कायद्यानुसार लंडनच्या बरो कौन्सिलांना (आपल्या महापालिका समजा) आपल्या माणसांना कॉन्स्टेबल म्हणून शपथ देता येते. काम एकच, बागा आणि मोकळ्या जागांचे कायदे नि नियम पाळले जातात की नाही ते बघायचं. पगार कौन्सिल देते. मेट्रोपॉलिटन पोलीस, म्हणजे शहराचं मुख्य दल, ते वेगळं. वाँड्सवर्थने आपलं पार्क पोलीस दल 1985 मध्ये उभं केलं आणि 2012 मध्ये बंद केलं. नोकरी गेलेले कॉन्स्टेबल दाद मागायला गेले, तेव्हा मुद्दा हाच आला की हे पोलीस आहेत की कौन्सिलचे कर्मचारी? 2017 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कामगार कायद्याच्या दृष्टीने ही पोलीससेवाच आहे, आणि पोलिसांना तो कायदा अन्यायाने काढल्याचा दावा करू देत नाही, त्यामुळे यांनाही तो करता येणार नाही. मात्र कपात करण्याआधी त्यांच्या युनियनशी चर्चा व्हायला हवी होती, हेही कोर्टाने मान्य केलं. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पोलीस म्हणून हक्क काढून घ्यायचे आणि कर्मचारी म्हणून घरी पाठवायचं, हा कुठला न्याय?

पुढे वाँड्सवर्थमध्ये बागा आणि कार्यक्रमांसाठी पुन्हा अशी सेवा आली, आणि ती हवीच होती. बॅटरसी पार्कात नोव्हेंबरमध्ये आतषबाजी बघायला प्रचंड गर्दी लोटते. कार्यक्रमाचे स्वयंसेवक रांगा लावतील, तिकिटं बघतील. पण भांडण पेटलं, पोर हरवलं, तर बागेचं प्रत्येक फाटक आणि प्रत्येक अंधारा कोपरा माहीत असलेला माणूस लागतो. रोजच्या दिवशीही तेच. कुणाचा कुत्रा अंगावर येतो, कोणत्या बाकावर कोण रात्र काढतं, हे रोज फिरणाऱ्यालाच कळतं. मुख्य दलाचा पोलीस शहरात मोर्चा निघाला की तिकडे जाणारच. हाईड पार्कसह 8 राजेशाही उद्यानांचं स्वतंत्र दल होतं, ते 2004 मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांत आलं. आणि 2025 मध्ये पैशांच्या तंगीमुळे उद्यानांसाठीचं ते पथकच बंद करायचं जाहीर झालं. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे. दल मोठ्यात विलीन झालं की काटकसरीची कुऱ्हाड पहिली बागेवर पडते.

आता ऐकावं लागतं का? बागेच्या नियमांबाबत नक्कीच. शेगडी पेटवणं, ड्रोन उडवणं, मनाई असलेल्या जागी दारू पिणं यावरून अडवलं तर हुज्जत घालू नका. आपल्या लोकांना खास सांगतो, दिवाळीत मुलांना घेऊन बागेत फुलबाज्या लावायला जाऊ नका. ब्रिटनमध्ये रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी फटाके उडवणं गुन्हा आहे आणि त्यात फुलबाज्याही येतात. दिवाळीच्या रात्री 1 वाजेपर्यंत सवलत आहे, पण ती स्वतःच्या घरच्या आवारात. एरवी रात्री 11 नंतर तिथेही बंदी असते.

जीवावर बेतलं असेल तर पार्क पोलीस शोधत बसू नका, आपत्कालीन नंबर 999 लावा. तातडीचं नसेल तर पोलिसांचा 101. आणि नियमभंगाची तक्रार कौन्सिलकडे करायची; बागेच्या फाटकावरच्या फलकावर कोणत्या कौन्सिलची बाग ते लिहिलेलं असतं.