रत्नागिरीला पोहोचेपर्यंत बर्फ वितळला, म्हणून पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रथिनाची अँटीबॉडी वाया गेली का?

नाही. नवी बाटली मागवू नका.

तुम्ही सांगितलंय ते थोडक्यात असं: एमसीएफ-७ पेशी (स्तनाच्या कर्करोगाच्या) ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएने (प्रथिनं कापणारं एन्झाइम आणि कॅल्शियम ओढणारं रसायन) प्लेटवरून सोडवल्या, एचईसीडी-१ ही ई-कॅडहेरिनची अँटीबॉडी लावली, आणि एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर आलेख आयसोटाइप कंट्रोलवरच (ई-कॅडहेरिन न ओळखणाऱ्या तुलनेच्या अँटीबॉडीवरच) बसला, म्हणजे सिग्नलच नाही. पार्सल आंबा घाटात दरड कोसळल्यामुळे अडकलं होतं, हातात आलं तेव्हा आइसपॅक कोमट होते. त्यावर तुमच्या सिनिअरनी निकाल दिला की कोकणात मागवलेली अँटीबॉडी टिकतच नाही, हे काम पुण्याला जाऊन करा.

हे शेवटचं वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. आयजीजी, म्हणजे या अँटीबॉडीचा प्रकार, हे दणकट प्रथिन आहे. बंद बाटलीत, बऱ्यापैकी घट्ट द्रावणात, दोन-चार दिवस खोलीच्या तापमानाला राहिली म्हणून शुद्ध अँटीबॉडी सहसा मरत नाही. वितळलेल्या बर्फापेक्षा तुमची ट्रिप्सिनची बाटली शंभर पटीने संशयास्पद आहे.

ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग म्हणजे एकामागोमाग पाच तुकडे, आणि त्यांच्या सांध्यांत बसलेलं कॅल्शियम. कॅल्शियम जागेवर असेल तर दांडा ताठ राहतो आणि ट्रिप्सिनला सहजी दाद देत नाही. ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतो, दांडा ढिला पडतो आणि ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडतं. ट्रिप्सिनच्या वेळी कॅल्शियम असलं तर पेशींची चिकटण्याची ताकद शाबूत राहते आणि काढून घेतलं तर जाते, हे मासातोशी ताकेइची यांनी १९७७ साली दाखवलं. कॅडहेरिन हे नावसुद्धा तेव्हा पडलं नव्हतं. आता एचईसीडी-१ पकडते तो भाग नेमका बाहेरचा. तुम्ही तो कापून, धुऊन सिंकमध्ये सोडलात आणि मग अँटीबॉडीला शोधायला पाठवलंत.

आमच्या प्रयोगशाळेत हाच वाद एकदा इतका चिघळला की पुरवठादाराला बाटली बदलून मागणारं पत्रही तयार झालं होतं. ते थांबवलं आणि एकाच प्लेटमधल्या चार खळग्यांवर निकाल लावला. पहिल्यात नेहमीचं ट्रिप्सिन-ईडीटीए. दुसऱ्यात नुसता ईडीटीए. तिसऱ्यात ०.०१ टक्के ट्रिप्सिन, पण सोबत २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ईडीटीए अजिबात नाही. मग ट्रिप्सिन रोखणाऱ्या सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटरने ते थांबवून, धुऊन, गठ्ठे ईडीटीएने सुटे केले. तिन्हींना तीच ‘खराब’ बाटली. पहिला आलेख आयसोटाइपवर, दुसरा आणि तिसरा स्वच्छ उजवीकडे, म्हणजे सिग्नल ठळक. चौथ्या खळग्यात पहिल्यासारखंच ट्रिप्सिन-ईडीटीए, पण पेशी पक्क्या (फिक्स) करून, ट्रायटन डिटर्जंटने छिद्रं पाडून, ई-कॅडहेरिनच्या पेशीआतल्या शेपटीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी, क्लोन ३६, लावली. तिथे सिग्नल आला. म्हणजे शेपूट जागेवर, डोकं गायब. पत्र फाडलं गेलं, पण ‘घाटाखाली असलं काम होत नाही’ म्हणणारे गृहस्थ अजून तेच म्हणतात.

तुम्ही असं करा. प्लेटचा तळ पेशींनी ७०-८० टक्के भरलेला असताना घ्या. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेटचा खारा बफर) दोनदा धुवा, मग त्याच पीबीएसमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.४, ३७ अंशांवर १०-१५ मिनिटं. एमसीएफ-७ चिवट आहे, चादरीसारखी सुटते. १ मिलीच्या टिपने हळूहळू वर-खाली करून सुटी करा. स्क्रेपर लावू नका, निम्म्या पेशी फाटतात आणि मेलेल्या पेशी कुठलीही अँटीबॉडी धरून बसतात. ३०० जी, ५ मिनिटं. यापुढे सगळं बर्फावर. १ मिलिमोलर कॅल्शियम आणि २ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेल्या एचबीएसएसने (क्षारांचं द्रावण) दोनदा धुवा. इथे घाई केलीत तर मागे राहिलेला ईडीटीए नवं कॅल्शियमही गिळतो, आणि काही क्लोन (अँटीबॉडीचे वाण) कॅल्शियम असतानाचाच आकार ओळखतात. पीबीएसमध्येच जास्तीचं कॅल्शियम ओतू नका, फॉस्फेटबरोबर गढूळ साका बसतो.

कॅल्शियम परत आलं की पेशी पुन्हा एकमेकींना धरायला लागतात. म्हणूनच बर्फ, आणि मशीनवर चढवण्याआधी ४० मायक्रॉनची जाळी. प्रत्येक नळीत २ लाख पेशी, १०० मायक्रोलिटर, अँटीबॉडी ०.२५, ०.५, १ आणि २ मायक्रोग्रॅम अशी चढती, ३० मिनिटं. मृत पेशी ओळखायला ७-एएडी रंग. आयसोटाइप माऊस आयजीजी१, त्याच मात्रेत. निगेटिव्ह म्हणून एमडीए-एमबी-२३१ पेशी ठेवा, त्यात ई-कॅडहेरिनचा जीन मिथिलेशनने बंद असतो. दोन्ही पेशीवंश पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून घ्या, शेजारच्या कॉलेजातून हातोहात नको. (पुण्याला जायचंच असेल तर यासाठी जा.)

तुमच्या बाटलीचा फैसला तर त्याहूनही सोपा. कव्हरस्लिपवर वाढलेल्या एमसीएफ-७ ना ट्रिप्सिन दाखवूच नका. कॅल्शियम असलेल्या बफरने धुवा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० मिनिटं, एचईसीडी-१, मग तिला पकडणारी, रंग जोडलेली अँटी-माऊस सेकंडरी अँटीबॉडी. पेशींच्या सीमांवर मधाच्या पोळ्यासारखी अखंड जाळी दिसली की बाटली ठणठणीत. तो फोटो छापून सिनिअरच्या टेबलावर ठेवा.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधणं) करणार असाल तरी तीच काळजी. पेशी ट्रिप्सिनने सोडवून मग फोडू नका, प्लेटवरच पेशी फोडणारा थंड आरआयपीए बफर आणि प्रोटिएज इनहिबिटर ओतून खरवडून घ्या. इथे स्क्रेपर चालतो. पट्टी साधारण १२० किलोडाल्टनला; १३५ जवळ फिकट दिसली तर ते न कापलेलं पूर्वरूप. माध्यमात ८० ला काही दिसलं तर तो पेशीने स्वतःच गळून टाकलेला बाहेरचा भाग, डिग्रेडेशन म्हणून घाबरू नका.

आता कोकणाचं जे खरं दुखणं आहे ते सांगतो, कारण ते घाटात नाही, तुमच्या फ्रिजमध्ये आहे. पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि घाबरून उणे २० ला टाकलेली बाटली दर वेळी अर्धी वितळून पुन्हा गोठते. त्यात गुठळ्या होतात आणि बॅकग्राउंड चढतो. रोजच्या वापरातली बाटली ४ अंशांवर, फ्रिजच्या दारात नाही, आत मागे. साठवायचीच तर २० मायक्रोलिटरच्या भागांत एकदाच गोठवा, किंवा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवा, ते उणे २० ला गोठत नाही. पातळ केलेली अँटीबॉडी बीएसएशिवाय ठेवलीत तर ती नळीच्या भिंतीलाच चिकटते.

हे सगळं साध्या, रंग न जोडलेल्या अँटीबॉडीबद्दल. तुमची बाटली पीई किंवा एपीसी हे चमकणारे रंग जोडलेली असेल आणि कोणी ती गोठवली असेल तर माझं पहिलं वाक्य मागे घेतो. तो रंग गोठल्यावर परत येत नाही, आणि टँडेम (दोन रंग जोडून केलेल्या) रंगांना तर उजेड-उष्णताही बाधते. पेशी उंदराच्या असतील तर माणसाच्या ई-कॅडहेरिनची एचईसीडी-१ चिकटणारच नाही, तिथे उंदराच्या ई-कॅडहेरिनची ईसीसीडी-२ घ्या. आणि पुढे हीच बाटली पेशींची चिकटण रोखायला वापरायचा विचार असेल तर लेबलवर सोडियम अझाइड (टिकवण्यासाठी घातलेलं विषारी रसायन) आहे का ते आधी बघा. असेल तर डायलिसिस करून काढा, नाहीतर पेशी अझाइडने मरतील आणि त्याचंही खापर आंबा घाटावर फुटेल.