एनएफएलचे रिसीव्हर होतात, आता हायस्कूलचे कोच: सुरुवातीला एवढंच

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तुम्ही रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे होतात; तरी आधी नियमपुस्तक नव्याने वाचा. एनएफएलमध्ये झेल पुरा व्हायला दोन्ही पाय मैदानाच्या आत लागतात, हायस्कूलला एकच पुरतो. शिवाय झेल घेऊन पोराचा गुडघा टेकला की खेळ तिथेच थांबतो, कुणी हात लावलेला नसला तरी. ‘पडलास तर ऊठ नि पळ’ ही तुमची जुनी सवय इथे कामाची नाही.

पहिल्या आठवड्यात रूट, म्हणजे धावायचे ठरलेले मार्ग, तीनच: हिच (थोडं पळून मागे वळणं), स्लँट (तिरकं आत), गो (सरळ पुढे). अख्खा रूट ट्री (सगळ्या रूटचा तक्ता) फळ्यावर काढलात की पंधरा वर्षांचं पोर आठवत आठवत धावतं, म्हणजेच हळू धावतं.

झेलाचं रोज घोकून घ्या:
- छातीच्या वरचा चेंडू: अंगठे जवळ. कमरेखालचा: करंगळ्या जवळ.
- चेंडू काखेत दाबेपर्यंत नजर त्यावरच. सुटतो तो बहुधा आधीच पुढे बघितल्यामुळे.

ब्लॉकिंगला, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवण्याला, दहा मिनिटं ठेवाच. मुलं कंटाळतात, कंटाळू देत.

एनएफएलचा रिसीव्हर एड मॅकॅफ्री तिथे १३ हंगाम खेळून २०१८मध्ये कोलोरॅडोच्या व्हॅलर ख्रिश्चन हायस्कूलचा थेट मुख्य कोच झाला, हे खरं. तुम्ही मात्र निदान एक हंगाम फक्त रिसीव्हर सांभाळा. प्रेस कव्हरेज (बचावपटू सुरुवातीलाच रिसीव्हरला भिडून अडवतो ते) कसं फोडायचं, ते पुढच्या वर्षी बघू.