एक लाइन गेली की दुसरी आपोआप सुरू व्हायला हवी

प्रश्न : नमस्कार सर, मी वारज्यात राहते, घरूनच काम करते. फायबर एरवी चांगलं चालतं पण रस्ता खोदला की वायर तुटते आणि मग दुरुस्त होईपर्यंत मोबाइलचा हॉटस्पॉट लावून सगळ्यांचे लॅपटॉप परत जोडत बसायचं. दुसरं कनेक्शन घ्यायची तयारी आहे, पण ते आपोआप चालू होईल असं करता येतं का?
– एक वाचक

उत्तर : हो ताई, येतं. त्यासाठी ड्युअल वॅन राउटर लागतो, म्हणजे ज्याला इंटरनेटच्या दोन वायर एकदम लावता येतात. टीपी-लिंकचा ईआर६०५ घेतलात तर त्यात वायफाय नसतं, मग आत्ताचा वायफाय राउटर त्याच्या मागे ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल असा) लावायचा, नाव-पासवर्ड तेच राहतात आणि घरात कुणाला काही बदलावं लागत नाही.

पण खरेदीआधी खाली जाऊन तुमची फायबर कुठून आलीये ते बघा. कंपनी वेगळी घेतली तरी वायर बऱ्याचदा त्याच खांबावरून, त्याच चरातून येते आणि जेसीबी दोन्ही एकदम तोडतो, म्हणून मी तरी दुसरी लाइन हवेतलीच घ्या म्हणेन, सिमवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर, लॅन पोर्ट असलेला, म्हणजे ड्युअल वॅन राउटरला वायरने जोडता येईल असा, खिडकीपाशी ठेवलेला. घरात कुठल्या कंपनीची रेंज चांगली येते ते आधी फोनवर बघून घ्या.

आता सेटिंग, आणि गडबड इथेच होते. लोड बॅलन्स नको, त्यात थोडं ट्रॅफिक इकडून थोडं तिकडून जातं आणि बँकेच्या साइट मध्येच लॉगआउट करतात. फायबर मुख्य, सिम बॅकअप असं ठेवा. मग ऑनलाइन डिटेक्शन चालू करा, हे अजिबात विसरू नका, कारण बाहेर फायबर तुटली तरी घरातला फायबरचा डबा चालूच असतो, राउटरला वाटतं वायर लागलीये म्हणजे सगळं ठीक आणि तो दुसरीकडे वळतच नाही. त्याला ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा बाहेरचा पत्ता सतत तपासायला सांगायचं, तिकडून उत्तर आलं नाही की लाइन गेली.

बदल होताना काही सेकंद जातात आणि बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) बदलतो, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी) तुटून परत जोडावं लागेल, चालू कॉलही अडखळेल. सिमवर सहसा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, मिळत नाही, तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंगवरचा (राउटरमधून बाहेरच्यांना वाट करून दिलेला) घरचा कॅमेरा तेवढा वेळ बाहेरून दिसणार नाही. डेटाचंही बघा, व्हिडिओ कॉलला तासाला १ जीबीच्या आसपास सहज जातो, विंडोज अपडेट आणि फोटोंचा बॅकअप त्या वेळी बंदच ठेवा.

आणि लाइट! पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली की दोन्ही लाइनी असून उपयोग नाही, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर फायबरचा डबा, सगळे राउटर, सिमवालासुद्धा, मिनी यूपीएसवर (राउटरसाठीच्या छोट्या बॅटरीवर) घ्या. प्रत्येक ॲडाप्टरवरचा व्होल्ट वाचून मगच जोडा, काही ९ चे असतात काही १२ चे.

सगळं लावून झालं की सुट्टीच्या दिवशी फायबरच्या डब्यातून बारीक फायबर केबल हळूच काढा, ती वाकवू नका, टोकात डोकावू नका. राउटरची वायर काढून तपासलंत तर डिटेक्शन चालतंय की नाही ते कळणारच नाही. नेट सिमवर गेलं का बघा, मग केबल परत लावा आणि ते आपोआप फायबरवर येतंय ना तेही बघा, नाहीतर सिमचा डेटा गुपचूप संपत राहील.