सौंद यांच्यावरचा लेख: मधली वर्षं कापू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. दलीपसिंग सौंद यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख दिलात, कार्यालयातून 'शेतीचा भाग काढा, थेट निवडणुकीवर या' असा निरोप आला, आणि ते न्यायाधीश 1950 साली झाले की 1952 साली, यावर तिथे कुणीतरी लाल रेघ मारली. माझ्या लेखाचं हेच झालं होतं. फरक इतकाच की मला कुणी विचारलं नाही, छापील अंक हातात पडल्यावर कळलं.

अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेले ते पहिले भारतीय, पहिले शीख, हे तुम्हाला सांगायला नको. अमृतसर जिल्ह्यातलं छज्जलवड्डी, 1899चा जन्म, गणितातली पीएच. डी. हेही तुमच्या लेखात आहेच. म्हणून आधी तारखांचं बघू.

1950 आणि 1952 ही दोन्ही सालं निवडणुकीची आहेत, खुर्ची मात्र दुसऱ्या निवडणुकीनंतर मिळाली. सौंद यांना नागरिकत्व मिळालं 16 डिसेंबर 1949 रोजी. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या वेस्टमोरलंड नावाच्या छोट्या गावात ते न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि निवडूनही आले. (तिकडे हे गावपातळीवरचं न्यायाधीशपद मतदानाने भरत.) पण उमेदवार निवडणुकीच्या दिवशी किमान एक वर्ष नागरिक असायला हवा, ही अट. वर्ष पुरं व्हायला महिना-दीड महिना कमी पडला आणि खुर्ची नाकारली. 1952 साली ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले आणि 1957 पर्यंत त्या खुर्चीवर बसले. हे एवढं चार ओळींत लिहून लेखासोबत संपादकांना पाठवा. फोनवर सांगू नका. फोनवर सगळे 'हो हो' म्हणतात.

याच्या उलट 1956 साली झालं, आणि माझ्या मते लेखातली खरी गंमत तिथे आहे. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचं नागरिकत्व लागतं. नोव्हेंबर 1956 मध्ये मतदान झालं तेव्हा त्यांची सात वर्षं भरली नव्हती. पक्षांतर्गत निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याने, कार्ल केगलीने, हाच मुद्दा कोर्टात नेला. तो टिकला नाही. इथे हिशोब मतदानाच्या दिवसाचा नसतो, सभागृहात शपथ घेण्याच्या दिवसाचा असतो. शपथ होती 3 जानेवारी 1957 ला. सात वर्षं भरून जेमतेम अडीच आठवडे झाले होते! एकाच माणसाला एका कायद्याच्या मोजणीने दारातून परत पाठवलं आणि दुसऱ्या कायद्याच्या मोजणीने आत घेतलं. मी वकील नाही, कलमांचे आकडे छापायचे असतील तर कुणा जाणकाराला दाखवून घ्या.

आता त्या 'शेतीच्या भागाबद्दल'. इथे माझं डोकं अजून तापतं, तेव्हा थोडं जास्त बोललो तर समजून घ्या.

माझा लेख ज्या वार्षिकाकडे होता (नाव सांगणार नाही, माणसं अजून तिथेच आहेत) त्यांनी 1924 ते 1949 हा सगळा भाग उडवला. छापून काय आलं, तर गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गणिताचे डॉक्टर झाले आणि पुढच्याच परिच्छेदात थेट न्यायाधीश. शिवाय 1950 साली झाले असं, म्हणजे नाकारलेली खुर्ची यांनी परस्पर देऊन टाकली. अंक निघाल्यावर एका वाचकाचं पत्र आलं की हा मनुष्य मधली पंचवीस वर्षं काय करत होता? अगदी रास्त प्रश्न. मी कार्यालयात गेलो तर समोरच्याने मान वर न करता सांगितलं, शुद्धिपत्र द्यायची आमची पद्धत नाही. मग संपादकांना भेटतो म्हटलं, तर ते 'बाहेर' होते. दाराच्या काचेतून दिसत होते, पण बाहेर होते.

मधली पंचवीस वर्षं हीच तर गोष्ट आहे हो. 1920 साली हा मुलगा अमेरिकेत गेला तो फळं टिकवून डबाबंद करण्याचं शास्त्र शिकायला. परत येऊन आंब्याचा कारखाना काढायचा बेत होता. राहायला स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी ठेवलेलं घर. तिथून वळला गणिताकडे. पण पदवी हातात येण्याआधीच, फेब्रुवारी 1923 मध्ये, अमेरिकन नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा तिथल्या सुप्रीम कोर्टात निकाल लागला: भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा दावा लावला. तो त्यांनी लढवला आणि 1926 साली वरच्या कोर्टातही जिंकला. मराठी अंकात पंडितांना दोन ओळी द्याच.

आणि नागरिक होऊ न शकणाऱ्याला कॅलिफोर्नियात जमीन घेता येत नव्हती. म्हणजे गणिताचा डॉक्टर इम्पीरियल व्हॅलीच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम झाला, पुढे स्वतः शेती केली ती लेट्यूसची, गवताची, बिटाची. आणि त्या खोऱ्यातले पंजाबी शेतकरी जमिनीचे कागद दुसऱ्याच्या नावावर ठेवून जगत. मंदीत भाव कोसळले, कर्ज झालं. दिवाळं काढायची सोय होती, ती न घेता त्यांनी देणी फेडली. 1928 साली मेरियन कोसा यांच्याशी लग्न झालं. त्या काळच्या कायद्यात अशा 'अपात्र' परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जात असे, ते कलम 1931 साली निघालं. 1930 साली त्यांनी कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंच्या, भारताची निंदा करणाऱ्या 'मदर इंडिया' या पुस्तकाला उत्तर म्हणून पुस्तक लिहिलं, ते छापलं स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्यानेच. 1940च्या दशकात नागरिकत्वाच्या हक्कासाठी संघटना बांधली. 2 जुलै 1946 ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नव्या कायद्यावर सही केली तेव्हा भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं, आणि नव्याने स्थलांतर करणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर माणसांचा कोटा ठरला. हे सगळं कापून तुम्ही 'जिद्दीची यशोगाथा' छापता आणि वाचकाला जिद्द कशाच्या विरुद्ध होती तेच कळत नाही.

शब्दमर्यादा आड येत असेल तर निवडणुकीच्या प्रचाराचं वर्णन कमी करा. 1956 ची प्रतिस्पर्धी रिपब्लिकन जॅकलिन कॉक्रन म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली स्त्री वैमानिक, नवरा बडा भांडवलदार, आणि त्याच वर्षी तिच्याच पक्षाचे आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत देशभर दणदणीत जिंकले असताना डेमोक्रॅट सौंद थोडक्यात निवडून आले. तीन वाक्यांत होतं.

फोटोचंही स्वतः बघा. आमच्या त्या वार्षिकाने पगडीवाल्या भलत्याच गृहस्थांचं चित्र छापलं होतं, का, तर 'शीख दिसला पाहिजे'. काँग्रेसमधले सौंद सुटाबुटात, उघड्या डोक्याने. 2007 साली कॅपिटॉलमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीत, लावलेलं तैलचित्रही तसंच. वेस्टमोरलंडच्या निवडणुकीत गावातल्या एकाने त्यांना खवचटपणे विचारलं होतं, तुमच्या कोर्टात यायचं तर पगड्या तुम्ही पुरवणार की आम्ही विकत आणायच्या? डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, आत काय आहे तेवढं बघतो, अशा अर्थाचं त्यांनी उत्तर दिलं. 1960 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात हे आहे. चित्राच्या शेजारी हा किस्सा टाकलात तर आपोआप जागा मिळेल.

अखेरच्या काळाबद्दल जपून लिहा. 'तिसऱ्यांदा जिंकले आणि निवृत्त झाले' असं मी वाचलंय. तिसऱ्यांदा जिंकले हे खरं, निवृत्त झाले हे खोटं. मे 1962 मध्ये विमानात पक्षाघाताचा झटका आला, बोलणं गेलं. तरी जूनमध्ये पक्षाची उमेदवारी त्यांनाच मिळाली, नोव्हेंबरमध्ये हरले. 1973 साली गेले.

आणि 'मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध' हा प्रश्न येणारच, मलाही आला होता. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 साली मिशिगनमधून त्याच सभागृहात निवडून गेले, याची एक छोटी चौकट करा, पण लेख त्यांच्यावर वळू देऊ नका. अंतिम मुद्रितं पाहिल्याशिवाय छपाईला परवानगी नाही, हे मेलवर लिहून ठेवा. मानधनाचंही त्याच मेलमध्ये विचारा, नंतर विचारलं की माणसं बाहेर असतात.