फाटकावर अडवलेला डबा आणि ६० रुपयांची बाटली

प्रश्न : सुट्टीत आम्ही घरातले सहा जण मुंबईजवळच्या एका थीम पार्कला गेलो होतो. सोबत चौदा महिन्यांची मुलगी आणि मधुमेह असलेले सासरे होते. फाटकावर बॅगा तपासून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडवांचा डबा बाहेर ठेवायला लावला. मुलीचे नाचणीचे सत्त्व तेवढे बऱ्याच हुज्जतीनंतर आत नेऊ दिले. आत २० रुपये छापील किमतीची पाण्याची बाटली एका स्टॉलवर ६० रुपयांना, अशा सहा बाटल्या घ्याव्या लागल्या. खाण्यासाठी पार्कच्या कार्डात भरलेल्या पैशांपैकी उरलेले २१० रुपयेही परत मिळाले नाहीत. हे कायदेशीर आहे का, आणि पुढच्या वेळी काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांपैकी ज्या डब्याचा आपल्याला सर्वाधिक राग आला आहे, त्याच बाबतीत आपली बाजू सर्वांत कमकुवत आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पी. एस. नरसिंहा यांच्या खंडपीठाने चित्रपटगृहांच्या संदर्भात असे ठरवले की, जागा खासगी मालकीची असल्यामुळे बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू द्यायचे की नाही, हा नियम मालक करू शकतो. कोणी जिलेबी आणली आणि चिकट बोटे खुर्चीला पुसली तर सफाईचा खर्च कोणी करायचा, असा प्रश्न त्या सुनावणीत सरन्यायाधीशांनीच विचारला होता. निकाल चित्रपटगृहांपुरता असला, तरी त्यामागील तर्क थीम पार्कलाही लावला जाईल, असे माझे मत आहे. मात्र बंदीची अट तिकीट काढण्यापूर्वी दाखवलेली असावी, असा आग्रह आपण धरू शकता. पैसे घेऊन झाल्यावर ती फक्त फाटकावरच्या फलकावर वाचायला मिळाली असेल, तर ग्राहक आयोगापुढे बोलायला जागा आहे. ऑनलाइन बुकिंगच्या पानावर ती स्पष्ट लिहिलेली असेल, तर तो मुद्दा सोडून द्यावा.

त्याच सुनावणीत पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत उपलब्ध असण्याची आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना माफक प्रमाणात खाणे नेऊ देण्याची बाबही नोंदली गेली. त्यामुळे आपल्या मुलीच्या सत्त्वावरून हुज्जत घालण्याचे सुरक्षारक्षकाला काहीच कारण नव्हते. सासऱ्यांच्या पथ्याच्या खाण्याबाबत मात्र डॉक्टरांची चिठ्ठी जोडून आधीच ई-मेलने लेखी परवानगी घ्यावी आणि ते उत्तर फाटकावर दाखवावे. ऐन गर्दीत तोंडी विनवण्या करण्यापेक्षा हे सोपे जाते.

खरा मुद्दा बाटलीचा आहे. वैधमापनाच्या (वजन-मापविषयक कायद्याच्या) २०११ च्या आवेष्टित (पॅकबंद) वस्तू नियमांतील नियम १८(२) प्रमाणे किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि त्या किमतीत सर्व कर धरलेले असल्यामुळे वर वेगळा जीएसटी लावण्याचाही प्रश्न येत नाही. यावर पार्ककडून १२ डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला हमखास दिला जाईल. हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये पाण्याच्या बाटलीसोबत बसण्याची सोय आणि सेवाही दिली जात असल्यामुळे तेथे छापील किमतीचे बंधन लागू होत नाही, असे त्या निकालाने ठरवले आहे. आपण बाटली घेतली ती स्टॉलच्या खिडकीतून, आणि प्यायलात ती पुढच्या राइडच्या रांगेत उभ्याने. टेबल नाही, वाढपी नाही, आणि पार्कमधील सोयींचे पैसे तर प्रवेश तिकिटातच वसूल झालेले आहेत. हा फरक तक्रारीत नेमक्या शब्दांत मांडा, कारण प्रकरणाचा निकाल त्यावरच ठरेल. त्याच कंपनीच्या त्याच मापाच्या बाटलीवर पार्कपुरती वेगळी किंमत छापून घेण्याची वाटही १ जानेवारी २०१८ पासून नियमानेच बंद केली आहे. वडापाव, समोसा किंवा ग्लासात ओतून दिलेले शीतपेय यांना मात्र छापील किंमत नसते, त्यामुळे ते कितीही महाग वाटले तरी दरपत्रकाप्रमाणे आकारलेल्या रकमेवर कायद्याने फारसे काही करता येणार नाही.

कार्डातील २१० रुपयांबाबत, वस्तू किंवा सेवा न देताच रक्कम ठेवून घेणारी एकतर्फी अट ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे, असा युक्तिवाद करता येईल. तो बाटलीच्या तक्रारीला जोडावा.

आपल्याजवळ बिल आणि बाटली किंवा निदान तिचे लेबल शिल्लक आहे का, हे आज पाहा. बिलावर नुसते ‘वॉटर ६०’ असेल तर छापील किंमत सिद्ध करायला लेबलाचा फोटो लागेल. बिलच दिले नसेल तर तीही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि अशा वेळी यूपीआयची नोंद कामी येते. प्रथम पार्क चालवणारी कंपनी आणि स्टॉलचा ठेकेदार या दोघांनाही पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या नियंत्रकांकडे तक्रार नोंदवा. दाद न मिळाल्यास आपण मुलुंडला राहत असल्यामुळे पार्क कोठेही असले तरी वांद्रे पूर्व येथील मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येईल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. जादा घेतलेल्या २४० रुपयांसाठी वकिलाची फी मोजू नका, हे मी माझ्याच वकिली व्यवसायाच्या विरोधात जाऊन सांगतो. मानसिक त्रासापोटी लाखांची मागणीही करू नका, त्याने तक्रारीचे वजन घटते.

पुढच्या खेपेला डबा प्रवेशापूर्वीच उघडावा आणि दुपारी हातावर शिक्का घेऊन बाहेर येऊन परत आत जाता येते का, हे तिकीट काढतानाच विचारावे. रिकाम्या बाटल्या सोबत ठेवून मोफत पाण्याचा नळ कोठे आहे, हे फाटकावरच विचारून घ्यावे. कार्डात एका वेळी दोनशे-तीनशे रुपयांहून जास्त भरू नये. आतल्या रेस्टॉरंटमध्ये बसून जेवलात तर बिलातील सर्व्हिस चार्ज काढून टाकायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी कायम ठेवली आहेत. आताच्या तक्रारीसाठी मुदत घटनेच्या तारखेपासून दोन वर्षे आहे, परंतु थर्मल कागदावरचे बिल त्याच्या कितीतरी आधी कोरे पडते, म्हणून त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा.