कोकणात घर घेऊन राहताना

सोलापूरहून प्रथमच कोकणातील एखाद्या आडवळणाच्या किनारी गावात स्वतः स्वयंपाक करून राहण्याचा आपला बेत असेल, तर आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी घरमालकांना फोन करून सिलिंडर भरलेला आहे का, वीज गेल्यावर विहिरीचे पाणी टाकीत कसे चढते आणि भाकरीसाठी लोखंडी तवा मिळेल का, एवढे स्पष्ट विचारून घ्यावे. नुसत्या फोटोंवर विसंबू नये. त्यांत ओटा चकचकीत दिसतो, पण परात दिसत नाही. ज्वारीचे पीठ व शेंगाचटणी येथूनच न्यावी, कारण तिकडे तांदळाला तोटा नसला तरी ज्वारीची खात्री देता येत नाही. कडक भाकरी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावी. किनाऱ्याच्या दमट हवेत ती उघडी राहिली, तर लगेच सादळते आणि मग तिला काही अर्थ उरत नाही. मासळी होड्या लागतील तेव्हा किनाऱ्यावरच घ्यावी, परंतु १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असल्याने त्या दिवसांत सुक्या मासळीवर भागवावे लागते. कोल्हापूरमार्गे जाताना आंबा घाट दिवसाउजेडीच उतरावा, म्हणजे गावातील दुकान बंद होण्यापूर्वी दूध आणि भाजी घेता येईल.